कापडाखालचं वाकडं

सुजे,

आज खिडकी उघडी ठेवून बसलेय. एवढे दिवस लावूनच घेत होते. आमचे शिपाई बबनमामा विचारायचे, "मॅडम, उकडत न्हाई व्हय?" उकडायचं की. पण खिडकी उघडली की समोर तुझं ते लोखंडी काम, त्याच्यावर वरपासून खालपर्यंत पांढरं कापड, आणि सुतळीनं करकचून बांधलेलं. वारं आलं की कापड फुगायचं, मग बसायचं, परत फुगायचं. आत कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं बघ. मी भित्री आहे हे तुला शाळेपासून माहीत आहे, त्यामुळं तुझ्यापुढं लाजायचं काही कारण नाही.

प्राचार्य सर म्हणाले, "मॅडम, शोकसभेत वाचायला दोन शब्द लिहा. जन्म, शिक्षण, कुठं कुठं कामं केली, असं." मी हो सर म्हणाले. मी सगळ्यांनाच हो म्हणते. पण लिहायला बसले आणि काही सुचेना. तुझं शिक्षण काय लिहू? दौंडच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो, ते लिहू? चित्रकलेच्या परीक्षेत समोर घागर ठेवलेली. मी पट्टी लावून लावून घागर काढली, आणि तू नुसती तिची सावली काढून आलीस. वर मलाच म्हणालीस, "घागर समद्यांनीच काढली आसंल की. सावली कुणी काढली का?" नापास झालीस. असलं शोकसभेत वाचता येत नाही. म्हणून सरांसाठी जे लिहायचं ते नंतर लिहीन, आधी तुझ्याशी बोलून घेते.

माझं लग्न होऊन मी न्हावऱ्याला आले, या कॉलेजच्या ऑफिसात चिकटले, आणि तू कुठं कुठं शिकून, फिरून सणसवाडीत शेड टाकलीस, एवढंच मला उडत उडत कळलं होतं. मग एक दिवस ऑफिसच्या दारात एक बाई उभी. पायात सेफ्टी शूज, काखेत हेल्मेट, हाताला काळं लागलेलं. मी आपली नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "बसा मॅडम, काय काम होतं?" तू दारातूनच ओरडलीस, "बसा काय गं, मंगे! लाज वाटती का वळख द्यायला?" सगळं ऑफिस माझ्याकडं बघायला लागलं. मला इतका आनंद झाला होता सुजे, आणि मी म्हणाले काय, तर "हळू बोल."

काम काय होतं, तर रांजणगावच्या एका कंपनीनं कॉलेजला वाया गेलेल्या जाड लोखंडी प्लेटा दिलेल्या. त्यातनं पुढच्या बागेत काहीतरी छान करायचं होतं. सरांच्या डोक्यात उघडं पुस्तक होतं, त्यातनं उडणारी कबुतरं. तू मान हलवलीस, चहा पिलीस आणि गेलीस. नंतर ट्रेलरवर घालून जे आणलंस ते बघून सरांच्या तोंडाचं पाणीच पळालं. तीन प्लेटा. दोन उभ्या, एकमेकींना टेकलेल्या. आणि तिसरी, सगळ्यात मोठी, त्या दोघींच्या खांद्यावरनं बाहेर झुकलेली, फाटकातनं ऑफिसकडं येणाऱ्या वाटेवर अशी आलेली की आत्ता पडंल का मग पडंल. क्रेन निघून गेली तरी सगळे लांबच उभे. तुझ्या शेडमधला बिहारचा वेल्डर रामसेवक, त्यानंच ते जोडलेलं, तोसुद्धा म्हणाला, "दीदी, ये गिर गया तो?" तू म्हणालीस, "गिरेगा नहीं. लगेगा कि गिरेगा."

पोरांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'वाकडं' पाडलं. "वाकड्यापाशी भेट," "वाकड्याखाली डबा खाऊ." पोरं त्याच्या सावलीत बसायची, फोटो काढायची, पोरी परीक्षेआधी त्याच्यावर बुक्की मारून जायच्या, ते घंटेसारखं वाजायचं म्हणून. सगळी जायची. एक मी तेवढी नाही. मी फाटकातनं आत आले की सायकल स्टँडला वळसा घालून ऑफिसात यायची. पावसात सुद्धा. छत्री नसली तरी सुद्धा. तू कधी आलीस की त्याच्याखाली उभी राहून मला हाक मारायचीस, "मंगे, ये की हितं! खालनं बघ, खालनं येगळंच दिसतंय!" आणि मी स्टँडपाशी उभी राहून म्हणायची, "मला हितनंच दिसतंय."

आपलं भांडण त्याच्यावरनंच. म्हणजे दोन भांडणं होती. एक, पडेल का. दुसरं, कुणाचं. गावाकडची माणसं फी भरायला यायची, दाखला न्यायला यायची, आणि माझ्या खिडकीत वाकून हळूच विचारायची, "बाई, ते बाहीर कुणाचं हाय?" आपल्याकडं मोकळ्या जागेत काही उभं केलं की ते कुणाचं तरी असायलाच लागतं. मी तुला किती वेळा म्हणाले, एक पाटी लाव बाई. नाव दे काहीतरी. 'प्रगती' लिही, 'उन्नती' लिही, कुणाचं काय जातंय. तू म्हणायचीस, "पाटी लावली की लोक पाटी बघत्यात. लोखंड कोण बघंल?" मी म्हणायची, "तुझं ठीक आहे गं, तू सणसवाडीला जाऊन बसतीस. खिडकीत मी असते." यावर तू हसायचीस. पण खरं सांगू का, मला नुसतं विचारायची भीती नव्हती. तुझ्या वस्तीतली माणसं तुझ्यावर रुसली होती, एवढं लोखंड हातात होतं, जागा होती, आणि पोरीनं आपल्या माणसाचा पुतळा केला नाही. आमच्या घरात जेवताना विषय निघायचा, की तिनं ते मुद्दाम असलं केलंय, त्यात काहीतरी त्यांचं दडलेलं असणार. दोन्हीकडनं तुझ्याकडं बोट. तू मात्र मजेत भेळ खात बसलेली. तुला भ्यायला काय होत होतं गं?

मग ही निवडणूक आली. कॉलेजात मतदान केंद्र असतंच. आचारसंहितेचं पथक आलं, भिंतीवरच्या कोनशिला झाकल्या, बाकांवरची देणगीदारांची नावं कागद चिकटवून झाकली, आणि त्यांचे साहेब बागेत येऊन थांबले.

"हे काय आहे?"

सर म्हणाले, "शिल्प आहे."

"कशाचं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "कशाचंच नाही, साहेब."

"कशाचंच नाही असं कसं असंल, मॅडम?" त्यांच्या हातात उमेदवारांच्या चिन्हांचा तक्ता होता. ते एकदा तक्त्यात बघायचे, एकदा वर बघायचे. पतंगाशी जुळवून बघितलं, शिडीशी जुळवून बघितलं. कशाशीच जुळेना. मला वाटलं सुटलो. तर म्हणाले, "आज जुळत न्हाई. उद्या कुणी म्हटलं जुळतंय, आन् तक्रार टाकली, मंजी? झाका." मांडववाल्याकडनं पांढरं कापड आणलं, शिड्या लावल्या, आणि बांधून टाकलं.

मी तुला घाबरत घाबरत फोन केला. वाटलं आता चिडणार. तू इतकी हसलीस की मला फोन कानापासनं लांब धरावा लागला. "आगं मंगे, आजवर लोक इचारायचे कुणाचं हाय. आता सरकार इचारतंय! भ्याले का न्हाई माझ्या कामाला?" मी म्हणाले, यात हसण्यासारखं काय आहे. तू म्हणालीस, "जवा काढतील तवा मला बोलीव. कुठं गंजलंय का बघायचंय. आन् त्या दिवशी तू खाली यायचंस. ठरलं?" मी म्हणाले, "बघू." मग मी माझं नेहमीचं सुरू केलं. साखर कारखाने चालू झालेत, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्यात, उजेडात ये, उजेडात जा. तू म्हणालीस, "व्हय गं आजीबाई." हे आपलं शेवटचं बोलणं. 'बघू' आणि 'आजीबाई.'

दिवेलागणीला, चौफुल्याच्या रस्त्यावर, तुझ्या गाडीपुढं उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. मागं ना दिवा, ना लाल फडकं, ना दगड लावलेले. एवढंच लिहिते. पुढचं हातानं लिहवत नाही.

इतकी वर्षं मी रोज वर बघून त्या लोखंडाला भ्यायले. वळसे घालून चालले. आणि ज्या ट्रॉल्यांच्या मागं मागं मी स्वतः स्कूटीवर घरी जाते, ऊस ओढून खाणारी पोरं बघत जाते, त्यांनी तुला नेलं. आता सांग, माणसानं भ्यायचं तरी कशाला? आता मला सगळ्याचीच भीती वाटते. गॅसची, जिन्याची, फोन वाजला तर फोनची.

दौंडला तुला आणली तेव्हा दवाखान्यातनंच बांधून दिलेली. पांढऱ्यात, वरपासून खालपर्यंत, तोंडावरनं सुद्धा. आमच्या घरातनं कुणी आलं नव्हतं, मी एकटीच आलेली, कोपऱ्यात उभी. मावशी, तुझी आई, म्हणत होत्या, "एकदा तोंड दावा." सगळे म्हणत होते, नका बघू, नका बघू. मावशींनी गाठीला हात घातला तर चौघांनी त्यांना धरून मागं ओढलं. त्या रडत नव्हत्या गं. नुसतं म्हणत होत्या, "मला कसं कळायचं तीच हाय?" वंदना झाली, तुला नेलं. मावशींचे हात तसेच पुढं होते, गाठ सोडायला निघालेले.

आणि दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला आले, खिडकी उघडली, तर समोर तेच. तसंच पांढरं, तसंच बांधलेलं, आणि उभं. तेव्हापासनं खिडकी बंद.

पुढं जे झालं त्यात कुणाची वाईट बुद्धी नव्हती, म्हणून जास्त भीती वाटते. निकाल लागला, गुलाल उधळून झाला, आचारसंहिता संपली. कापड मात्र तसंच. सर म्हणाले, ज्यांनी झाकलं त्यांनी काढायचं. तहसीलला फोन केला तर म्हणाले, आमचा स्टाफ परत गेला, तुमचं तुम्ही काढा. सर म्हणाले, तसं लेखी द्या. लेखी काही येईना. तेवढ्यात पोरांना तुझं कळलं. ज्या पोरी वाकड्यावर बुक्की मारायच्या त्यांनी झेंडूचा हार आणला, कापडाच्या पायथ्याशी ठेवला, उदबत्ती लावली. बबनमामांनी पाणी शिंपडून दिलं. रडल्या पोरी. तुला बघायला पाहिजे होतं.

पण सुजे, पांढरं कापड, आणि पायथ्याशी हार! आपल्याकडं याचा अर्थ एकच होतो. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी फोटो काढला आणि मोबाईलवर ग्रुपला सोडला, 'कॉलेजात पुतळा बसला, अनावरण कधी?' त्या फोटोत तुझी ती झुकलेली प्लेट कापडाखालनं अशी पुढं आलेली, उचललेल्या हातासारखी. एका बाजूच्यांना त्यात बोट दिसलं. दुसऱ्या बाजूच्यांना तलवार दिसली. नावं मी लिहीत नाही, मला भीती वाटते, आणि तुला ती सांगायची गरज नाही. हे म्हणाले, आमचा बसवला आणि झाकून का ठेवला? ते म्हणाले, आम्हाला न विचारता त्यांचा बसवलाच कसा? रोज वाकड्याखाली डबा खाणारी पोरं सुद्धा सांगायला लागली की आतलं वाकडं काढून रातोरात दुसरं ठेवलंय. डोळ्यांनी बघितलेलं विसरली गं. फोटोतलं खरं झालं.

ऑफिसला फोन यायला लागले. मीच उचलायची. "मॅडम, खरं सांगा, आत कोण हाय?" मी सांगायची, "अहो, कुणी नाही, आपलं वाकडंच आहे." पलीकडनं हसायचे आणि म्हणायचे, "बरं, बरं. बघतो मंग." ते 'बघतो' ऐकलं की मी फोन पटकन ठेवून द्यायची. फाटकाबाहेर सकाळपासनं गाड्या लागायला लागल्या. अलीकडं एक घोळका, पलीकडं एक घोळका. कुणी काही करत नव्हतं, नुसते उभे. पोलिसांची गाडी पण येऊन उभी. मी स्कूटी ढकलत मधनं आत यायची, आणि दोन्हीकडच्यांत मला ओळखीची तोंडं दिसायची. आमच्या भावकीतली. तुझ्या वस्तीच्या पाहुण्यारावळ्यांतली. दोघंही मला मान डोलवायचे.

मी सरांना म्हणाले, "सर, कापड काढा ना. दिसू द्या काय आहे ते." सर म्हणाले, "आता काढलं तर म्हणतील पुतळा हलवला आन् हे ठेवलं. मॅडम, ही कटकटच नको. मी गॅसकटरवाला सांगितलाय. उद्या कापडासकट कापायचं आन् भंगारात घालायचं."

तुझं काम जाणार हे तर होतंच. पण दुसरंच डोळ्यापुढं आलं. आत काय आहे हे बघितलेलं नसताना कापडावरनं ज्वाळा लावल्या, तर हे म्हणणार आमचा कापला आणि ते म्हणणार आमचा कापला. फाटकापासनं गावापर्यंत पेटलं असतं. मी तसं म्हणाले. सर म्हणाले, "तुम्ही टेन्शन घेऊ नका."

घरी आले, आणि मला दुसरं काही सुचलं नाही, मावशींना फोन केला. म्हणाले, "मावशी, उद्या तिचं काम कापणारेत." त्या म्हणाल्या, "मी ते कवा बघितलंच न्हाई बाळा. ती म्हणायची नेती, नेती. पहिली यष्टी कवा हाय?"

सकाळी मावशी आल्या. पांढरं लुगडं, हातात पिशवी, दोन्ही घोळक्यांच्या मधनं सरळ चालत. गॅसकटरवाला नळकांडी उतरवत होता. सर व्हरांड्यात उभे. मावशी कापडापुढं जाऊन थांबल्या, त्याच्याकडं खालपासनं वर बघितलं, आणि मला वाटलं आता पडतील. सरांना म्हणाल्या, "साहेब, माझ्या लेकीचं तोंड बघू दिलं न्हाई मला. बांधून आनली, बांधूनच नेली. हे तरी सोडा. बघती, आन् मंग कापा."

सर म्हणाले, "आजी, तसा आदेश नाही."

"सोडायला कसला आदेस?"

गॅसकटरवाला नळकांडी खाली ठेवून थांबला. मी आत गेले. खरं सांगते, कात्री आणायला म्हणून गेले नव्हते. पळायला गेले होते. मागच्या दारानं निघून जावं, स्कूटी काढावी, घर गाठावं. टेबलावर माझी पर्स आणि शेजारी कात्री. पर्स घेतली असती तर तू मला नावं ठेवली नसतीस. म्हणाली असतीस, मंगी हाय ती, पळायचीच. नुसता हा विचार आला आणि मला तुझा इतका राग आला सुजे, की कात्री उचलली.

आता ऐक. ती सुतळी त्या मेल्यांनी बांधली कुठं होती माहीत आहे? झुकलेल्या प्लेटीच्या बरोबर खाली. जिथं मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिथं. मागनं सर म्हणत होते, "मॅडम, तुमच्या जबाबदारीवर." फाटकाकडनं कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, हात लावू नका!" आणि दुसरीकडनं, "लावू द्या, लावू द्या, दिसू द्या!" मी जीव मुठीत धरून वाकले आणि खाली शिरले. डोळे गच्च मिटलेले. कात्री धड चालेना, ऑफिसातली कात्री, कागदं कापायची. वर एवढं लोखंड. मी राम राम म्हणत होते का आणखी काय, आठवत नाही. सुतळी तुटली. बबनमामांनी बांबूनं कापड वरनं ढकललं, ते सुटलं, आणि सगळंच्या सगळं माझ्या अंगावर आलं.

मी ओरडले. मला वाटलं प्लेटच आली. मग कळलं की नुसतं कापड आहे, पण ते कळून उपयोग झाला नाही. तोंडावर, नाकावर, हातापायात पांढरं गुंडाळलं गेलेलं, धुळीचा वास, काही दिसत नव्हतं, कुठनं बाहेर पडायचं कळत नव्हतं. मी खाली बसले. मला वाटलं आता सुरू होणार. पहिला दगड येणार. मी डोक्यावर हात घेतले आणि वाट बघत बसले.

आणि एक पोरगं म्हणालं, "आयला, हे तर आपलं वाकडंच हाय की!"

कुणीतरी फस्सकन हसलं. दुसरा म्हणाला, "मंग झाकलं कशाला हुतं?" तिसऱ्यानं आचारसंहितेला शिवी घातली. मग हसूच पसरलं, अलीकडं पण आणि पलीकडं पण. मला आत कापडाखाली ते ऐकू येत होतं, आणि मला तुझं फोनवरचं हसणं आठवत होतं. मग मावशींनी माझ्या अंगावरचं कापड काढलं.

गाड्या हळूहळू गेल्या. सगळ्यांचं समाधान झालं असं समजू नकोस, जाता जाता एक जण म्हणालाच, "काईतरी हाय ह्यात, उगा न्हाई झाकलं." गॅसकटरवाला चहा पिऊन गेला. सर म्हणालेत, सध्या राहू द्या, पुढच्या मीटिंगला बघू. कापड बबनमामांनी घडी घालून कपाटात ठेवलंय, पुढच्या निवडणुकीला लागेल म्हणून. मामा थट्टेत म्हणाले, पण मला हसू आलं नाही. पुढची निवडणूक येणारच आहे. परत कुणीतरी फोटो काढणार, परत कुणाला हात दिसणार. मी अजूनही रस्त्यात गर्दी दिसली की स्कूटी थांबवते. भीती काही गेलेली नाही, तशी आशा पण करू नकोस.

एक मात्र राहिलं, ते शोकसभेत वाचणार नाही. मावशींनी कापड काढलं, ते ओढून नाही काढलं. मी खाली बसलेली, डोकं झाकलेलं. त्या समोर बसल्या. आधी वरनं चाचपलं, कपाळ, नाक, गाल. मग कडेनं दुमडत दुमडत, हळू, झोपलेल्या लेकराच्या तोंडावरचं पांघरूण काढावं तसं कापड वर केलं, आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. बघत राहिल्या. किती वेळ, सांगता येत नाही. माझ्याकडं बघत होत्या आणि माझ्याकडं बघत नव्हत्या. पदरानं माझ्या कपाळाची धूळ पुसली. ओठ हलले, पण नाव कुणाचं घेतलं ते मला ऐकू आलं नाही, मी विचारलं नाही. मी मान हलवली नाही. म्हटलं, बघू द्या.

त्यांनी हात सोडले तेव्हा मी वर बघितलं. तुझ्या प्लेटीच्या बरोबर खाली होते गं. खालनं वेगळंच दिसतं, खरं आहे तुझं. पण काय दिसतं ते सांगायला मी वळले, तर तिथं तू नव्हतीस.